नारिंगी उजेडाखाली

फोन वाजला की मी झडप घालायचे आणि निघायचं कुणी गिऱ्हाईक. दादाचा फोन काही येत नव्हता. बाबांचा व्हिडिओ आदल्या दिवशीच त्याला पाठवला होता. चहा केला, तो गार झाला, पुन्हा गरम केला आणि तसाच ओतून दिला.

व्हिडिओ करण्याचं कारण एकच होतं, दादानं यावं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "ज्यांना भेटायचंय त्यांनी लवकर भेटून घ्या. पुढे ओळखतील की नाही, सांगता येत नाही." दादा दूरदेशी, कामात गळ्यापर्यंत बुडालेला. "बघतो", "जमवतो" असं त्याचं वर्षभर चाललं होतं. म्हटलं, बाबांचा चेहरा दाखवू, मग बघू कसा येत नाही ते.

आईनं त्यात मोडता घातला. "अडखळतात ते मात्र काढून टाक हं. तिकडे एकटा आहे तो. जिवाला घोर लावून घेईल."

"अगं, घोर लागावा म्हणूनच तर पाठवायचाय!"

"लोकांच्या लग्नातले रुसवेफुगवे झाकतेस ना? मग बापाचं झाकायला काय होतंय?"

झाकणं हाच तर माझा धंदा. लग्नं, वाढदिवस, निरोप समारंभ, सगळे व्हिडिओ मी घरातल्याच खोलीत बसून जोडते. पूर्वी कॅमेऱ्यात फटीतून उजेड शिरायचा आणि फिल्म जळल्यासारखी नारिंगी व्हायची. तेव्हा कॅमेरावाल्याला शिव्या बसायच्या. आता गिऱ्हाईक तेच हौसेनं मागतं, "ते जुन्या सिनेमासारखं चमकतं ना, ते टाका!" मला त्याची भयंकर चीड आहे. पण दोन तुकडे जुळेनात की मध्ये तो झोत सोडावा, बघणाऱ्याचे डोळे दिपतात आणि मधलं काय गेलं ते कुणाला कळत नाही.

बाबांच्या बाबतीत मी तेच केलं. बाबा जुने शिंपी. दादाच्या शाळेच्या पहिल्या शर्टाला एक बाही लांब कशी झाली, ती गोष्ट ते कॅमेऱ्यासमोर सांगत होते. मध्येच धागा तुटायचा, आई शेजारून कुजबुजत आठवण करून द्यायची, पुन्हा गाडी रुळावर. जोडताना मी चित्राकडे फारसं बघितलंच नाही, पडद्यावरची आवाजाची रेघ तेवढी बघितली. रेघ उंच तिथे बोलणं, सपाट तिथे गप्प. सपाट दिसलं की कात्री आणि कात्रीवर नारिंगी झोत. घाईत आम्ही सगळेच असं करतो. शिवाय बाबांना अडखळताना पुन्हा बघायची माझी छाती नव्हती.

दुपारी एकदाचा दादाचा फोन आला. स्वारी खुशीत होती.

"काय झकास केलंयस गं! ते नारिंगी तर एकदम भारी. आणि बाबा ठणठणीत आहेत की! तू उगाच घाबरवत होतीस. आता सावकाश येतो, पुढच्या वर्षी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला काय बोलणार, दोष माझ्या कात्रीचा. फोन ठेवला आणि एकेक झोत पुसायला बसले. कापलेलं सगळं परत जागच्या जागी लावलं. आता मात्र प्रत्येक तुकडा बघणं भाग होतं. बाबा शब्द शोधत होते, बोटांनी हवेत बाही मापत होते. मला बघवत नव्हतं, तरी बघत राहिले.

सगळ्यात लांब सपाट रेघ होती तिथे बाबा आईच्या कानाशी वाकलेले दिसले. इतकं हळू बोलत होते की रेघ हललीच नव्हती. मी आवाज पूर्ण वाढवला.

"ती बाई कधीची उभी आहे," बाबा म्हणत होते. "तिला बसायला सांग ना. दमली असेल."

"बसेल हो ती. तुम्ही शर्टाचं सांगा," आई पुटपुटली आणि तिनं चटकन कॅमेऱ्याकडे पाहिलं. मला ऐकू गेलं का, ते बघत होती.

खोलीत आमच्या तिघांशिवाय कुणीच नव्हतं. कॅमेऱ्यामागे मी उभी होते.

आवाज ऐकून आई दारात आली होती. पडदा बघून तिला सगळं कळलं.

"अडखळणं काढ ते दादासाठी म्हणालीस ना?" मी ओरडलेच.

"त्याला आज ना उद्या कळणारच होतं." तिनं पदराचा बोळा तोंडाला लावला. "तुला कळायला नको होतं. गप्प तेवढं तू न बघताच कापतेस, ठाऊक होतं मला. तूच त्यांना रोज भरवतेस, सगळं करतेस. तुला कोणत्या तोंडानं सांगणार होते?"

मला तिचा राग आला आणि तिला घट्ट धरावंसंही वाटलं. दोन्ही जमेना. "पाठवू का हे?" एवढंच विचारलं. तिनं मानेनंच हो म्हटलं.

तेवढ्या तुकड्याचा आवाज वाढवून व्हिडिओ पाठवला. मी खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. या वेळी फोन लगेच आला.

"सगळा पाहिला," दादा म्हणाला. "पण ती बाई कोण गं? बाबांसाठी नर्स ठेवलीत का?"

"नर्स नाही रे दादा," मी म्हणाले. "मी होते."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "निघतो मी."