मस्टर्डचे दात आणि फुकटचा थर्मास

मित्रांनो, मी एक म्हातारा ससा आहे आणि आता फार थकलो आहे. उड्या मारणाऱ्या सशाची गोष्ट हवी असेल तर दुसरा ससा शोधा. मी बसल्या जागेवरून सांगणार, तेही तोंडात घास धरून, कारण मला चावायला वेळ लागतो.

माझे नाव मस्टर्ड. लहानपणी माझा रंग मोहरीच्या चटणीसारखा होता. रंग केव्हाच उतरला, नाव तेवढे राहिले. विलायतेत हडर्सफील्ड गावाच्या चढावर एका घरामागे माझा लाकडी पिंजरा आहे. घर नेव्हिल बूथरॉइड आणि त्याची बायको ग्लेंडा यांचे. नेव्हिल जन्मभर बस चालवायचा. निवृत्त झाल्यावर हाताला चाळा हवा म्हणून त्याने जुन्या कपाटाच्या फळ्यांचा पिंजरा केला, आणि पिंजरा रिकामा बरा दिसेना म्हणून मला आणले. माझ्या जन्माचे प्रयोजन एवढेच.

पण सुरुवातीला कौतुक मात्र खूप झाले. चर्चच्या जत्रेत मला सर्वांत देखणा ससा म्हणून लाल फीत मिळाली. नेव्हिलने ती पिंजऱ्याच्या दाराला ठोकली. येणाऱ्याजाणाऱ्याला आधी फीत दाखवायची, मग मला. ती फीत अजून तिथेच आहे. लाल होती हे सांगावे लागते.

मग दात सुरू झाले. सशाचे दात मरेपर्यंत वाढत असतात. सरळ वाढले तर गवत चावून चावून झिजतात. माझे वाढतात वाकडे. मागच्या दाढांना टोके येतात, ती जिभेला कापतात, लाळ गळून हनुवटी ओली होते आणि मी खाणे सोडतो. सशाने खाणे सोडले की त्याचे पोटही काम सोडते, आणि मग तो फार टिकत नाही. म्हणून डॉक्टर हॅना प्रायर मला भूल देतात आणि ती टोके घासून काढतात. महिना दोन महिने बरे जातात. मग पुन्हा.

हा 'पुन्हा' मी माझ्या नावापेक्षा जास्त ऐकला आहे. दवाखान्यातली बाई हसून म्हणायची, "पुन्हा का?" शेजारचा डेरेक कुंपणावर हात टेकून म्हणायचा, "पुन्हा?" आणि नेव्हिल माझी हनुवटी बघून लांब श्वास सोडायचा आणि म्हणायचा, "पुन्हा!" त्याच्या मनात वाईट नव्हते, हे मला कळायचे. पण जीभ सोललेली असताना ऐकून बघा एकदा.

खर्चाचा घोर तेव्हा नव्हता. मी लहान असतानाच ग्लेंडाने माझा विमा उतरवला होता, तोही नीट पारखून. खंड न पाडता दरवर्षी चालू ठेवला की तोच आजार पुढच्या वर्षीही भरून मिळायचा. किती वेळा उलटला, कोणी विचारायचे नाही. हप्ता मात्र दरवर्षी चढायचा.

आता आमच्या इकडची एक खोड सांगायला हवी. इथे जुन्या गिऱ्हाइकाला महाग आणि नव्याला स्वस्त. म्हणून हुशार माणूस दरवर्षी गॅसवाला बदलतो, वीजवाला बदलतो, मोटारीचा विमा बदलतो आणि पबमध्ये बसून ते मिरवतो. नेव्हिल यात पटाईत. एका वसंतात ग्लेंडा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर बहिणीकडे विश्रांतीला गेली होती. तेवढ्यात याने माझ्यासमोर बसून फोन लावला आणि माझा विमाही बदलून टाकला.

खोटे तो बोलला नाही. "त्याच्या दातांचं दुखणं जुनं आहे बरं का," त्याने फोनवरच्या मुलीला सांगितले. "छान, नोंद करून घेते," ती म्हणाली. नेव्हिलही "छान" म्हणाला. नोंद झाली म्हणजे नक्की काय झाले, हे त्याने विचारले नाही. परक्या माणसाला खोदून विचारणे आमच्याकडे उद्धटपणाचे समजतात. शिवाय नव्या गिऱ्हाइकाला थर्मास फुकट होता. तो पोस्टाने आला. नेव्हिलने माझ्यासमोरच्या फळीवर ठेवला आणि डेरेकला बोलावून दाखवला.

पुढच्या वेळी माझी हनुवटी ओली झाली तेव्हा नव्या कंपनीने सांगितले की दात आधीपासूनचे आहेत, ते आमच्याकडे येत नाहीत. नेव्हिल जुन्या कंपनीकडे धावला. ते म्हणाले, या की, पण मध्ये खंड पडला, आता दात आमच्याही दृष्टीने आधीचेच. दुसरे काहीही झाले असते तर दोघांपैकी कोणीही भरून दिले असते. पण मला दुसरे काही होतच नाही.

दवाखान्यात हॅनाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मिस्टर बूथरॉइड, दर खेपेला पदरचं घालणं सगळ्यांना झेपत नाही. आजचं मी करते. पुढचं घरी बोलून ठरवा. त्याला इंजेक्शन देऊन शांतपणे निरोप द्यायचा असेल तर तेही करता येतं. मी तुम्हाला नावं ठेवणार नाही."

मला दवाखान्यात टोपलीत घालून नेतात, त्या टोपलीतून मी ऐकत होतो. खरे सांगतो, भीती वाटली नाही. वाटले, सुटलो तर बरेच. वाईट एकाच गोष्टीचे वाटले, नेव्हिल टोपलीकडे बघत नव्हता.

घरी आल्यावर डेरेक कुंपणाशी हजर. "अरे, नवा घे की! त्याच्या दाढा घासायला जातात तेवढ्या पैशांत दहा ससे येतील."

बहिणीकडून परतलेली ग्लेंडा नेव्हिलकडून सगळे ऐकून काठी टेकत मागच्या दारात आली होती. तिने थर्मासकडे पाहिले, मग नवऱ्याकडे.

"म्हणजे मस्टर्डचा विमा देऊन तू हा थर्मास आणलास."

"स्वस्त पडत होता," नेव्हिल पुटपुटला.

"माझा गुडघाही जुनाच आहे, नेव्हिल. या हिवाळ्यात परत दुखेल. डेरेकला विचारून ठेव, बायका कुठे स्वस्त मिळतात ते."

डेरेकला घरात काहीतरी काम आठवले.

संध्याकाळी नेव्हिल बादली पालथी घालून माझ्यासमोर बसला. आमच्याकडची पुरुषमंडळी माणसांशी बोलत नाहीत, जनावरांशी बोलतात. "कंटाळलास का रे?" त्याने विचारले. मी तर कंटाळलोच होतो. पण दाढा नुकत्याच घासलेल्या, जीभ शांत, आणि गवत ताजे. मी एक काडी ओढली. मग दुसरी. तो बघत राहिला.

"खातोयस," तो म्हणाला. "खाणाऱ्याला कसा निरोप देऊ मी?"

त्या उन्हाळ्यात त्याने फाइली गावच्या समुद्रकिनाऱ्यावरची त्यांची जुनी कॅराव्हॅन, म्हणजे सुट्टीत राहायचे चाकांवरचे घर, विकली. "वारा फार असतो तिकडे," तो ग्लेंडाला म्हणाला. ग्लेंडाचा जीव समुद्रात अडकलेला. तीसुद्धा म्हणाली, "फारच." नंतर पुष्कळ वेळ दोघे माझ्या पिंजऱ्यापाशी उगाच उभे होते.

मित्रांनो, मी शिकलेला नाही, पण एक मागणे आहे. सशाला एकदा बरे करून भागत नाही, म्हणून तो आणण्याआधीच विचार करा. आणि विमा उतरवाल तर तोंड उघडून विचारा की दुखणे उलटले तर काय. भीड नंतर महाग पडते. तुमच्या घरातही कोणाचा गुडघा, कोणाचा दमा परत येत असेल. तो त्यांनी बोलावलेला नसतो. तुमच्याआधी तेच कंटाळलेले असतात. त्यांना 'पुन्हा?' म्हणू नका.

आज सकाळी माझी हनुवटी ओली आहे. नेव्हिल गवत घेऊन आला, वाकला, बोटाने माझी हनुवटी पुसली. 'पुन्हा' मात्र म्हणाला नाही. फळीवरचा थर्मास उचलला आणि आत गेला. दवाखान्यात थांबावे लागते, तेव्हा तो त्यातून चहा नेतो. किटली तापल्याचा आवाज येतो आहे. आता टोपली येईल.