अठरा श्वास

बायनाबाईच्या गोधडीवरचं लाल ठिगळ वर... खाली... वर — तरन्नुम सिस्टर भिंतीवरच्या घड्याळाकडे एक डोळा ठेवून मोजत होती, आणि अर्ध्या मिनिटातच चौदा झाले, म्हणजे आपलंच चुकलं असणार, पुन्हा मोजावं; कारण बायनाबाईच्या तक्त्यावर सकाळी आठला श्वास अठरा होता, आणि तो तिनंच लिहिला होता.

मोजला नव्हता.

अंथरुणाला खिळलेल्यांच्या या इस्पितळात श्वास कुणीच मोजत नसे. ताप थर्मामीटर सांगे, बोटाला चिमटा लावला की ऑक्सिजनचा आकडा उजळे. श्वासासाठी मात्र मिनिटभर नुसतं उभं राहावं लागे, आणि बारा खाटांची बारा मिनिटं आणायची कुठून? म्हणून सगळ्यांना अठरा. सात नंबरची आजी मागच्या महिन्यात गेली — कागदावर तीही शेवटपर्यंत अठराच घेत होती.

पूर्ण मिनिट मोजलं, तरी अठ्ठावीसच. पंचविसाच्या पुढे गेलं की तातडीच्या पथकाला फोन, असं भिंतीवरच लिहिलेलं. मागं तिनं पथक बोलावलं तेव्हा पेशंटला नुसती उचकी लागली होती. पथकाचे सिद्धाराम ब्रदर तीन जिने चढून आले आणि म्हणाले, पुढच्या खेपेला आधी पाणी पाजून बघा. वॉर्ड आठवडाभर हसला. आज हसणार नाहीत, आज विचारतील... सकाळीही अठ्ठावीसच असला तर? सहा तास ही बाई अशी धापा टाकत असली तर? चोवीस लिहिलं की फोनच नको. तासाभरात पाळी संपते, मग रुचिका सिस्टर बघेल...

सकाळी बायनाबाईनं विचारलं होतं, "कावून इतकं लिव्हतीस, बेटी? माजं चांगलंच लिही."

आणि तिनं चांगलंच लिहिलं होतं.

आता हाक मारली तर बायनाबाई डोळेही उघडेना. तरन्नुमनं फोन उचलला.

"सिद्धारामदादा, बायनाबाईचा श्वास अठ्ठावीस हाय. लगेच या."

"सकाळी किती होता?"

तक्त्यावर तिचंच वळणदार अक्षर.

"मोजला न्हाई."

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज, आणि थोड्याच वेळात जिन्यावर पावलं. ती ऐकत तरन्नुम उभी राहिली, पण नजर शेजारच्या खाटेवर गेली होती — तिथली चादर हलत होती, तिच्यापलीकडची निळीही, तिच्यापलीकडचीही... अकरा जणी. इतके दिवस निवांत वाटलेल्या या खोलीत केवढा श्वास चालला होता, आणि मोजायला कुणापासून सुरुवात करावी, ते तिला कळेना.