घाईत गोठलेला स्फटिक

काकांना धीर नावाची चीज ठाऊकच नव्हती. चहा निवेपर्यंत दम निघत नाही म्हणून रोज जीभ भाजून घेणारा हा माणूस विभागप्रमुख झाला आणि पुतणीच्या नशिबी मार्गदर्शक म्हणून तोच आला. घरी ‘काका’, लॅबमध्ये ‘सर’. चुकून उलटं झालं की साहेबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

आज बाहेरून परीक्षक मॅडम आल्या होत्या. तांबं आणि सेंद्रिय रेणू मिळून झालेल्या क्षाराचा तिचा स्फटिक गार केला की त्याची आतली मांडणी बदलते, हे त्यांना डोळ्यांनी दिसलं तरच प्रबंध पुढे जाणार होता. नाहीतर सगळं मुसळ केरात.

“सर, हळूहळू गार करूया. आतले रेणू भोवऱ्यासारखे फिरतायत, रांगेत बसायला त्यांना वेळ लागतो.”

“रांग कसली? तिकीट काढायचंय का त्यांना?” म्हणत काकांनी थंडगार नायट्रोजनचा झोत एकदम पूर्ण सोडला.

पडद्यावर क्ष-किरणांचे ठिपके उमटले. जसेच्या तसे. मांडणी बदलली असती तर मधल्या रिकाम्या जागांत नवे ठिपके दिसायला हवे होते.

“बघा मॅडम, बदल-बिदल काही नाही. आमची पोर स्वप्नं फार बघते.”

तिच्या डोक्यात तिडीक गेली. पळणाऱ्या पोरांना आहे तिथे गोठवायचं आणि वर म्हणायचं, बघा, एकही जागेवर बसत नाही! उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात. इथे तर पाण्याचाच पत्ता नव्हता, नुसता खळखळाट.

“मॅडम, थोडं थांबता? थंडी जराशी कमी करते.”

“गार करायचं होतं ना गं?” काका खिदळले. “आता शेकतेस?”

“घाईत गोठलेत ते. थोडे सैल झाले की बसतील आपापल्या जागी.”

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. काकांनी खिडकी उघडली, लावली, परत उघडली आणि शेवटी चहाला पळाले. जीभ भाजून परतले तेव्हा रिकाम्या जागांत फिकट ठिपके उगवले होते आणि मॅडम चष्मा सावरून पडद्याला नाक लावून होत्या.

“सुरेख,” त्या म्हणाल्या. “प्रबंध जाऊ दे पुढे.”

“मग!” काका गरजले. पडलो तरी नाक वर. “मी मुद्दामच झटक्यात गोठवलं होतं. फरक कळावा म्हणून.”

“अरे वा!” मॅडम त्यांच्याकडे वळल्या. “मग सर, झटक्यात गोठवलं की बदल का दिसत नाही, तेवढं सांगाच.”

काकांनी पुतणीकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा ते कुणाची तरी वाट बघत होते.

तिने हातमोजे काढले. सावकाश, एकेक बोट.

“सांगा ना, काका.”