लाल मणी

मित्रांनो, मी काचेची एक जुनी बॅटरी आहे. आत शिशाच्या पट्ट्या, थोडं आम्ल आणि पांढरा, हिरवा, लाल असे तीन मणी. पोटात वीज भरपूर असली की तिन्ही मणी वर तरंगतात. वीज संपत आली की एकेक खाली बसतो.

वेल्सच्या डोंगरात इद्वलच्या घरी मी राहायचे. तो मेंढपाळ. गावात वीज नव्हती, म्हणून रेडिओ आमच्यावर चाले. आम्ही दोघी होतो. एक रेडिओला जोडलेली, दुसरी गॅरेजात वीज भरून घ्यायला. दर शनिवारी अदलाबदल. १९५० च्या मार्चमध्ये मात्र इद्वल बर्फावरून घसरला आणि माझी जोडीदार फुटली. त्याची विजारही आम्लाने गेली. नवी यायला पंधरा दिवस लागणार होते, आणि मला भरायला दिलं तर पुढच्या शनिवारीच परत मिळाले असते.

आणि मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला गावातल्या बायका कार्डिफहून रेडिओवर गाणार होत्या. मधल्या दोन ओळी इद्वलची बायको नेस्टा एकटी गाणार होती. त्या काळी असली गाणी कोणी ध्वनिमुद्रित करून ठेवत नसे. एकदा हवेत गेलं की गेलं.

त्या दिवशी पहाटे बस पकडायला निघताना ती म्हणाली, "इद्वल, तू ऐकतोयस असं धरूनच मी तोंड उघडणार आहे."

"ऐकणार म्हणजे ऐकणार," तो म्हणाला. माझा पांढरा मणी तेव्हाच तळाला होता. डोंगरावर जाताना त्याने आईला बजावलं, "संध्याकाळपर्यंत बटणाला हात लावायचा नाही."

त्याची आई, मार्गेदकाकू, तासभर बटणापासून लांब राहिल्या. मग म्हणाल्या, "रेडिओवरचा व्यायाम दहाच मिनिटांचा तर असतो." बटण लावून खुर्चीत बसूनच त्यांनी हात वर-खाली केले. त्यानंतरची प्रार्थना बंद करणं त्यांना पाप वाटलं. मग शेजारचा ट्रेफर हवामान ऐकायला आला. दुपारी डोंगरावर बर्फ पडणार होता. ते ऐकून तो तसाच पळाला आणि इद्वलसोबत गाभण मेंढ्या खाली घेऊन आला. तेवढं ऐकलं ते बरंच झालं.

पण बटण चालूच राहिलं. कारखान्यातल्या कामगारांसाठी नाचाची गाणी झाली. मग एक बाई अंड्याशिवाय केक शिकवू लागली.

"अंड्याशिवाय? माझ्या अंगणात आठ कोंबड्या आहेत, बाई!" काकू रेडिओला म्हणाल्या, पण शेवटपर्यंत ऐकलं. पुढे खुनाचं नाटक लागलं. खुनी कोण ते कळल्याशिवाय कोण उठणार?

चार वाजता इद्वल घरात आला. हिरवा मणी बुडाला होता. लाल अर्ध्यावर लोंबकळत होता.

"आई! तिचं गाणं खाल्लंस तू!"

काकूंचा चेहरा पडला. चुलीजवळच्या खोक्यात एक अशक्त कोकरू उबेला ठेवलं होतं. आमच्याकडे ती रीतच आहे. काकूंनी मला रेडिओपासून सोडवलं, शाल गुंडाळली आणि त्याच्या शेजारी ठेवलं.

"कोकरू उबेने उठतं. हिला काय धाड भरलीय?"

"काकू, बाटलीने दूधही पाजा," ट्रेफर म्हणाला.

"तू नाटक ऐकायला परत आला होतास, ते सांगू का?"

ट्रेफर घाईघाईने चुलीत लाकूड सारू लागला.

मित्रांनो, विश्रांती आणि ऊब मिळाली की आमच्या पट्ट्यांत थोडा जीव परत येतो. दोन तासांनी लाल मणी बोटभर वर आला होता.

बरोबर वेळेवर इद्वलने मला जोडलं. गाणं सुरू झालं, पण आवाज बारीक होत चालला. तिघांनी रेडिओच्या कापडाला कान लावले. इद्वल मण्याकडे बघत होता. मणी खाली सरकत होता. माझ्यात होतं नव्हतं ते सगळं मी दिलं. आणि नेस्टाचा एकटीचा आवाज आला. बारीक, पण स्वच्छ. दोन्ही ओळी, पूर्ण.

नंतर कोणी गृहस्थ बीटच्या लागवडीवर बोलू लागले. तिसऱ्या वाक्याला रेडिओ बंद पडला. कोणाला पत्ताही लागला नाही. काकू ट्रेफरचा हात दाबून सांगत होत्या, "माझी सून! माझी सून आहे ती!"

दुसऱ्या दिवशी बसमधून उतरताच नेस्टाने विचारलं, "खरं सांग, ऐकलंस?"

"दुसऱ्या ओळीत मधेच श्वास घेतलास."

ती रस्त्यातच थांबली. मग एवढ्या मोठ्याने हसली की कुंपणामागच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. मित्रांनो, एवढा मान कुठल्या बॅटरीला मिळाला नसेल. नेस्टाने माझी काच स्वतःच्या हाताने पुसली.

पुढे गावात वीज आली. मी आता गोठ्यातल्या फळीवर असते. नेस्टा जाऊन अकरा वर्षं झाली. जुन्या वस्तू जपा असं मी सांगणार नाही. आमचं काम झालं, आणि चांगलं झालं. एवढंच सांगते, बातम्या, नाटकं, केक उद्याही ऐकायला मिळतात. घरातलं माणूस गाणार असेल, त्या दिवशी थोडी वीज राखून ठेवा.