बरणीतला माळ

ताईने काचेची बशी खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी करून पाहिली आणि टेबलावर अशी आदळली की खारं पाणी धाकटीच्या पुस्तकावर उडालं.

"मेल्या. सगळ्या बिया मेल्या. झालं समाधान?"

धाकटीने बाहीने पान पुसलं. "फ्रिज रात्रभर घरघरायचा गं. डोळ्याला डोळा लागत नव्हता. मला वाटलं, आत नुसत्या बरण्याच तर आहेत."

"नुसत्या बरण्या! मी गुडघा कापून घेऊन पडले होते, म्हणून तुला रोपवाटिका राखायला ठेवलं. आणि तू अख्खा उन्हाळा फ्रिज बंद करून घोरत पडलीस!"

"मी घोरत नाही."

"भिंतींना विचार!"

बरण्यांत एका झुडपाचं बी होतं; ते उकाड्यात फार तग धरत नाही. थंडीत ठेवलं तर वर्षानुवर्षं राहतं. ते ज्या खारट माळावर उगवायचं, तो माळ गेल्या वर्षी गोदामांखाली गेला होता. मिठाने पांढऱ्या पडलेल्या जमिनीत दुसरं काही धरत नसे, म्हणून लोक लांबून ताईकडे ही रोपं न्यायला येत. आता माळ उरला होता तो या बरण्यांतच.

पेरणीआधी ती दर वर्षी परीक्षा घ्यायची. माळाच्या मातीइतकं खारं पाणी करून त्यात बी भिजत घालायचं. उगवलं ते पेरायचं, बाकीचं कचऱ्यात. जन्म खाऱ्यात काढायचा, तर सुरुवातही खाऱ्यातच व्हायला हवी, असं तिचं म्हणणं. या नियमाला तिने कधी कुणाला हात लावू दिला नव्हता.

"कालच्या बशांतलं बी टाकलं डब्यात. ही शेवटची," ताई म्हणाली. "घासून ठेव. तेवढं तरी नीट कर."

धाकटी मुकाट्याने उठली. तिने बशी नळाखाली धरली, खारट पाणी ओतून दिलं, तळाला चिकटलेल्या बियांसकट साध्या पाण्याने पुन्हा भरली आणि आणखी काही ऐकून घ्यायला नको म्हणून तशीच ओट्यावर ठेवून बाहेर कुंड्यांना पाणी घालायला गेली.

ताई एकटीच बडबडत राहिली. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या तिने नखांनी खरवडून काढल्या. एक निघेना, तर बरणीच आपटायला उचलली, मग खाली ठेवली. बऱ्याच वेळाने पाणी प्यायला ओट्याशी गेली, तेव्हा बशी अजून तिथेच.

"साधी बशीसुद्धा..."

ती वाकली. घड्याळाच्या स्प्रिंगसारखे वेटोळे घालून बसलेले दोन-तीन हिरवे कोंब उलगडले होते. तिच्या डोळ्यांदेखत आणखी एक हळूच सैल झाला.

धाकटी दारात उभी होती. "अगं बाई! मी तर नुसतं मीठ धुतलं."

माळावर बी उगवायचं ते कधी? मोठा पाऊस पडून मीठ खाली उतरल्यावर. हे ताईने लहानपणापासून पाहिलं होतं. तिची नजर मागच्या दाराशी ठेवलेल्या कचऱ्याच्या डब्यावर गेली आणि तिथेच राहिली.

"कचऱ्याची गाडी येऊन गेली?" तिने खेकसून विचारलं.

"काल आलीच नाही. आजही नाही."

ताईने डबा फरशीवर उपडा केला. दुखरा गुडघा तसाच टेकवून ती खाली बसली.

"बघत काय राहिलीस? पाणी आण. गोडं."