एका रविवारचे दोन यल्लाप्पा

मच्छे गावचा परशराम खुनाच्या गुन्ह्यात नऊ वर्षं हिंडलग्याच्या तुरुंगात होता. त्याला तिथं पोचवलं ते त्याच्याच गावच्या, त्याच्याच कारखान्यातल्या यल्लाप्पाच्या एका वाक्यानं. खून झाला तेव्हा आपण उद्यमबागेतल्या ओतकामाच्या कारखान्यात भट्टीवर होतो, असं परशराम म्हणत होता. यल्लाप्पानं कोर्टात सांगितलं, "त्या रविवारी भट्टीवर मी होतो, परशराम न्हवता." हजेरीचं कार्डही तसंच बोललं. सोबतचा बिहारी कामगार तोवर गावी गेला होता, तो सापडलाच नाही.

बेळगावच्या एका मराठी दैनिकाची बातमीदार मधुवंती निकालपत्र तीनदा वाचून यल्लाप्पाच्या घरी आली. खुनाचं नाव काढलं की माणसं दार लावून घेतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं आधी म्हशीची चौकशी केली, मग लेकीच्या सासरची, मग भिंतीवरच्या फोटोची. फोटोत यल्लाप्पा फेटा बांधून माईकसमोर उभा होता.

"कडोलीचं साहित्य संमेलन, आक्का!" यल्लाप्पा खुलला. "माजी कविता. लई टाळ्या पडल्या."

"जल्मात एकच केलीया," त्याची बायको मालुबाई चहा ठेवत म्हणाली. "म्हशीलाबी पाठ झाली."

मधुवंती हसली आणि हसता हसता तिनं फोटोतल्या फलकावरची तारीख वाचली. तोच रविवार.

"अण्णा, मग भट्टीवर कोण होतं?"

यल्लाप्पानं बशी खाली ठेवली. बोटांनी तिची कड पुसली.

"कवितेसाठी सुट्टी कोण देतंय? परशाच म्हणाला, तू जा, तुजं कार्ड मी मारतो, तुज्या जागी हुबा ऱ्हातो. समदेच करत्यात तिथं."

"आणि कोर्टात?"

"खरं बोललो असतो तर दोघांचीबी नोकरी गेली असती. म्हटलं, त्यानं काय केलंच न्हाय, तर सुटंलच की त्यो."

"धारवाडच्या हायकोर्टात त्याचं अपील आहे पुढच्या महिन्यात. सांगाल?"

"नाव न घालता लिवा."

"बिननावाची साक्ष कोर्ट घेत नाही."

"मग खोट्या साक्षीसाठी मलाच आत घालतील."

"घालतीलही," मधुवंती म्हणाली. धीर द्यायला दोन गोड वाक्यं तिच्याकडं होती, पण ती तिनं वापरली नाहीत.

मालुबाईनं खुंटीवरचा शर्ट काढून नवऱ्याच्या मांडीवर टाकला. "घाला. वकिलाकडं जायचं."

"आत्ता?"

"त्याआदी परशाच्या घरी. जयाबाई रोज डेअरीच्या रांगेत माज्या म्होरं हुबी असती. नऊ वर्सं मी तिच्या पाठीकडं बगून दूध घालतीया."

परशरामचं घर तिसऱ्या गल्लीत. त्याची बायको जयाबाई अंगणात शेंगा फोडत होती. यल्लाप्पा चपला काढून अंगणाच्या कडेलाच थांबला, मालुबाई आणि मधुवंती त्याच्यामागं.

"जयाक्का, त्या रविवारी परशा माज्या जागी कामावर होता."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"हे तुमाला कवापासनं ठावं हाय?"

यल्लाप्पाचं तोंड उघडलं, पण शब्द मालुबाईचे आले.

"पयल्या दिवसापासनं. आमा दोघांस्नीबी."