काळ्या पट्टीखालची आई

तुम्ही माझ्या आईला झाकलंत. त्या चित्रपटगृहाचा कारभार बघणारे तुम्ही जे कोणी असाल, तुमच्याशीच बोलतोय मी.

आई लॉन्ड्रीत इस्त्री करते. गेल्या वर्षी एका सिनेमाचे कपडे तिच्या टेबलावर आले आणि गर्दीत बसायला माणसं हवी होती म्हणून कपड्यांबरोबर तिलाही नेलं. बाजाराचा प्रसंग. आई जमिनीवर बटाटे मांडून बसलेली. नायिका पळत येते, तिच्या टोपलीला अडखळते, वाकून विचारते, "लागलं नाही ना?" एवढंच. पण शूटिंग आटोपल्यावर कॅमेऱ्यावरच्या पोरीने आईला बजावलं, "मावशी, साध्या थिएटरात जाऊ नका. तिथे चित्राचा खालचा भाग कापतात आणि तुम्ही नेमक्या तिथेच आहात. मोठ्या पडद्यावर बघा, तिथे सगळं दिसतं."

आत्याने हे उडवूनच लावलं. "वहिनी, नायिका तुझ्याशी बोलली? स्वप्नात का?" मग वर्षभर तेच. घरात पाहुणा टेकला की, "या बरं का, आमच्या हिरॉईन!" आई हसायची. नंतर स्वयंपाकघरात भांडी आपटायची.

म्हणून मी तुमची ती मोठ्या पडद्याची महागडी तिकिटं काढली. साध्याच्या तिप्पट. आत्यालाही ओढून नेलं. दारावर तुमचीच पाटी होती: 'जे टिपलं, ते सगळं बघा.' आत्याने खुर्ची मागे झुकवली नि म्हणाली, "झोपायला बरंय हो."

सिनेमा सुरू झाला आणि पडद्यावर वर-खाली जाड काळ्या पट्ट्या. म्हटलं, बाजार आला की उघडतील. बाजार आला. नायिका पळाली, अडखळली, वाकली आणि काळ्या पट्टीला म्हणाली, "लागलं नाही ना?"

आत्या खुदकन हसली. "अगं वहिनी, उत्तर दे की!"

आई पट्टीकडेच बघत होती. "मी आहे हो तिथे," ती म्हणाली. "त्याच्या खाली आहे."

मध्यंतरात मी तुमच्या मॅनेजरला गाठलं. गडी जराही चाचरला नाही.

"पूर्ण चित्राची कॉपी आलीय, पण मशीनवर चढवायला वेळ लागतो. सध्या साध्या थिएटरातली कापलेलीच चालवतोय. पडदा तर मोठा आहे ना? खुर्ची झुकते, आवाज घुमतो. आजवर एकाचीही तक्रार नाही."

"कशी असेल? जे दाखवलंच नाही, ते राहिलं हे बघणाऱ्याला कळणार कुठून?"

"काकूंना पॉपकॉर्न देतो आमच्याकडून."

"मला खायला नकोय," आई म्हणाली. "माझ्या नणंदेला मी दिसायला हवी."

तो हसला. अगदी अदबीने हसला, म्हणून जास्त झोंबलं.

हल्ली जो तो मला विचारतो, त्या तिकिटाचे पैसे वसूल होतात का रे? खुर्ची घरी नेता आली असती तर झाले असते! मी पैसे मोजले ते पूर्ण चित्रासाठी. तुम्ही मला काळोख मोठा करून विकलात आणि वर माझ्या आईला घरात खोटं पाडलंत. आता आत्याला पाहुण्यांसमोर सांगायला आणखी एक किस्सा मिळालाय, आणि आईने हसणंही सोडलंय.

पूर्ण कॉपी तुमच्याकडे पडून आहे, हे तुमच्याच माणसाने कबूल केलंय. ती लावा. आईला आणि आत्याला शेजारी शेजारी बसवा. पॉपकॉर्न नको, माफी नको. कधी लावताय तेवढं सांगा. कधी?